झारीतला शुक्राचार्य

१९७२ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावी, एका मद्यगृहात एक चमत्कारिक लाकडी पेटी आणून ठेवण्यात आली. पेटीच्या तोंडाशी काळ्यापांढऱ्या दूरचित्रवाणीचा पडदा. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये टप्पे खात फिरणारा प्रकाशाचा एक ठिपका. पाव डॉलरचे नाणे टाकायचे, मूठ फिरवून आपली रेघ वरखाली सरकवायची आणि ठिपका परतवायचा, एवढाच खेळ. नाव 'पाँग'. तो काढणारी 'अटारी' कंपनी त्याच वर्षी निघालेली. थोड्याच दिवसांत मद्यगृहातून निरोप गेला की, यंत्र बंद पडले आहे, येऊन पाहा. खेळ बनविणारे तरुण अभियंते अ‍ॅल अल्कॉर्न तेथे गेले आणि त्यांनी पेटी उघडली. आतल्या विजेच्या रचनेला काहीही झाले नव्हते. नाणी गोळा करण्यासाठी ठेवलेले भांडे शिगोशीग भरून वाहू लागले होते, आणि त्या नाण्यांनीच वाट अडवून धरली होती!

व्हिडिओ खेळांच्या इतिहासात ही हकीकत नेहमी यशाची म्हणून सांगतात. ती खोटी नाही. परंतु मला तिची गंमत वाटते ती निराळ्या कारणाने. बंद पडलेली वस्तू एक आणि बंद पाडणारी वस्तू दुसरीच, असे यंत्रांच्या दुनियेत फार वेळा घडते. आपल्याकडे हे कोणाला नवे नाही. बळीराजा दानाचे उदक सोडू लागला; झारीत पाणी तर काठोकाठ, पण तोटीतून थेंब पडेना! कारण शुक्राचार्य लहान रूप घेऊन तोटीत जाऊन बसले होते. त्या वेळी एखादा भाबडा सेवक तेथे असता, तर त्याने 'झारी फुटकी दिसते' म्हणून नवी झारी आणली असती. ती अडली तर तिसरी आणली असती. आमच्या मेहुण्यांनी तीन वर्षांत अशा चार झाऱ्या आणल्या, आणि पाचवी आणून ठेवली होती.

त्यांची झारी म्हणजे घरातल्या खेळयंत्राचा पॉवर सप्लाय.

खेळयंत्र म्हणजे काय, हे आज चाळिशीत असलेल्या गृहस्थांना सांगण्याची गरज नाही. १९९० नंतरच्या दहा वर्षांत आपल्या शहरांत, स्टेशनाबाहेर, सिनेमागृहाच्या आवारात, नाहीतर एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लरे होती. पुरुषभर उंचीचे लाकडी कपाट, छातीच्या उंचीवर दांडे आणि रंगीत बटणे, आणि खेळणाऱ्याच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असलेली पोरे. शिकवणीची फी, दळणाचे सुटे पैसे, वाण्याकडून परत आलेली नाणी यांपैकी किती त्या कपाटांच्या पोटात गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, हे बरेच झाले. 'कॅपकॉम' या जपानी कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ त्यांतील कोणाला त्या नावाने आठवणार नाही. पण 'मुस्तफा' म्हणा, की चेहरा उजळतो! त्यातल्या चार वीरांपैकी एकाचे हे नाव. पोरांनी ते साऱ्या खेळालाच देऊन टाकले. पुढे घरात संगणक आले, मग हातात फोन आले, आणि पार्लरे मिटली.

आमच्या मेहुण्यांचे थोरले बंधू ठाण्याला असाच एक गाळा चालवीत. गाळा बंद झाला तेव्हा सारी यंत्रे भंगारात गेली. एक मात्र त्यांनी घरी आणले. तेच हे 'मुस्तफा'चे. आता ते बंधू राहिले नाहीत. यंत्र मेहुण्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे आहे आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला थोरल्यांच्या हातची, तेलकट पेन्सिलीने केलेली नाण्यांची बेरीज अजून दिसते. भाऊबीजेला थोरल्यांची मुले येतात. ती आता मिशा फुटलेली मुले आहेत. तरी फराळाच्या ताटाआधी त्यांचे पाय यंत्राकडे वळतात. तेव्हा हे नुसते खेळणे नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

परंतु गेल्या भाद्रपदात एका रात्री खेळ आटोपून मंडळी उठली, आणि खोलीत जळका वास पसरला. चौथा पॉवर सप्लाय निजधामाला गेला होता. आमच्या बहिणीने तेव्हा सांगून टाकले, "अहो, भावजींच्या आठवणीचा मला काय कमी मान आहे? पण हे धूड दिवाळीच्या आत एकतर सुधारा, नाहीतर घराबाहेर काढा. मुले झोपलेली असतात या खोलीत." तिचे म्हणणे खोटे म्हणण्याची कोणाची छाती होणार? ज्या वस्तूचा धूर का निघतो ते घरात कोणालाच सांगता येत नाही, ती वस्तू कितीही प्रिय असली तरी घरात ठेवण्यासारखी नाही.

आता हा पॉवर सप्लाय काय करतो ते थोडक्यात पाहू. आपल्या भिंतीतील वीज २३० व्होल्टची, आणि ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी. खेळ ज्याच्यावर साठवलेला असतो त्या बोर्डाला हवी असते अवघी ५ व्होल्टची, अगदी शांत, एका दिशेने वाहणारी. शिवाय ध्वनिवर्धकासाठी १२ व्होल्ट आणि काही बोर्डांना उणे ५ व्होल्ट. पूर्वीच्या यंत्रांत हे काम लोखंडी पत्र्यांचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर करी. त्याची तऱ्हा मोटेसारखी: डोल भला थोरला, फेऱ्या थोड्या. हल्लीचा पॉवर सप्लाय, ज्याला कारागीर 'एसएमपीएस' म्हणतात, हा रहाटगाडग्याच्या जातीचा. तो आधी भिंतीतल्या विजेला सरळ करतो (तिचा दाब तेव्हा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो!) आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचे इवले इवले पोहरे उपसतो. पोहरे लहान आणि फेऱ्या असंख्य. म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा पुरतो आणि सारा संसार एका जाळीदार पत्र्याच्या डब्यात मावतो. उपसलेले पाणी हौदात साठवून संथ करावे, तसे हे विजेचे पोहरे कपॅसिटर नावाच्या लहान नळकांड्यांत साठवून संथ केले जातात. ही नळकांडी पुढे आपल्या कथेत येणार आहेत.

या डब्यांच्या चार मरणांपैकी पहिल्या मरणाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. तो पार्लरच्या काळापासूनचा. त्याने आपले आयुष्य पुरते भोगले. दुसरा मात्र जन्मला त्याच क्षणी गेला. बाजारातून आणला, जोडला, बटण दाबले, आणि फटाक्यासारखा आवाज! अशा बऱ्याच डब्यांच्या कुशीला एक लहानसे लाल सरकते बटण असते. त्याच्या एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३० असे लिहिलेले. अमेरिकेत भिंतीतली वीज १२० व्होल्टची, जपानात तर १०० व्होल्टचीच; त्यांच्यासाठी ११५ ची बाजू, आपल्यासाठी २३० ची. ११५ वर बटण असले म्हणजे आतली रचना आलेला दाब दुप्पट करून घेते. तिला आपली २३० ची वीज दिली की दुपटीने दाब साडेसहाशेच्या घरात जातो आणि आतली नळकांडी फुटतात. ज्या कारागिराने तो डबा जोडला त्याने बटणाकडे पाहिले नव्हते. हे मरण सोपे. कारण दिसले, समजले, विषय संपला.

खरे गूढ तिसऱ्याचे आणि चौथ्याचे. तिसरा आठ महिने चालला, चौथा जेमतेम चार. दोघांचेही दुखणे सारखे: काही आठवडे उत्तम, मग खेळ मध्येच आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागे, मग दुकानदाराच्या सल्ल्याने डब्यावरचा एक लहान स्क्रू फिरवायचा, की पुन्हा आठ-पंधरा दिवस सुख, मग परत तेच, आणि शेवटी काळोख.

हा स्क्रू मोठा मायावी आहे. तो फिरवला की डब्यातून बाहेर पडणाऱ्या ५ व्होल्टचा दाब थोडा कमीजास्त करता येतो. बोर्डावरच्या चिप्स याबाबतीत सोवळ्यातल्या आजीबाईंसारख्या असतात. जुन्या घराण्यातल्या चिप्सना तर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट अशी मर्यादाच घालून दिलेली. खाली गेले की त्या गोंधळतात आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो; फार वर गेले की त्या कायमच्या बसतात. डबा गेला तर पैसे देऊन दुसरा मिळतो. तीस वर्षांपूर्वीचा बोर्ड गेला, तर दुकानात नवा मिळायचा नाही. म्हणजे स्क्रू फिरवणारा माणूस स्वस्त वस्तूच्या तब्येतीसाठी दुर्मीळ वस्तूच्या जिवाशी खेळत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

पाचवा डबा वेष्टनातून बाहेर निघाला होता, तेवढ्यात बहिणीने त्यांच्याच इमारतीतल्या एका वृद्ध गृहस्थांना वर बोलावले. रेडिओ आणि टीव्हीच्या दुरुस्तीत यांची चाळीस वर्षे गेलेली. बरोबर एक मीटर, एक स्क्रूड्रायव्हर आणि लाकडी पाटीवर बसवलेला जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा. मी योगायोगाने तेथे होतो. मेहुण्यांनी मेलेला चौथा डबा पुढे केला. "काका, यात काय बिघडलंय ते बघा."

काकांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "हा गेला, तो काय सांगणार? याच्याआधीचे गेले त्यांनी काही सांगितलं का? हा ज्यांना वीज देत होता, त्यांची चौकशी करू. आणि हा कुठे राहत होता तेही बघू."

मग प्रश्न सुरू झाले. खेळ बंद पडतो तो लावल्याबरोबर, की तासाभराने? कपाट हलवले की फरक पडतो का? पावसाळ्यात जास्त, की उन्हाळ्यात? कपाटाला मागून वारा लागतो का? मधल्या काळात यंत्रात नवीन काय बसवले? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या भाच्याने जरा चाचरत उत्तर दिले, "आजोबा, गेल्या दिवाळीत मी लाइटच्या पट्ट्या लावल्या. कडेने." काका नुसते "हूं" म्हणाले.

पुढे त्यांनी जे केले ते इतके साधे होते की, मेहुण्यांचा चेहरा थोडा उतरला. पाचवा डबा त्यांनी यंत्राला जोडलाच नाही. आधी लाल बटण २३० वर आहे हे पाहिले. मग भिंतीची वीज त्या शंभर वॅटच्या दिव्यातून डब्यात सोडली. जुने कारागीर याला 'सिरीज बल्ब' म्हणतात. डब्यात कुठे शॉर्ट असेल तर सारा भार दिव्यावर येतो आणि तो लख्ख पेटतो. डबा मात्र फुटत नाही. दिवा क्षणभर चमकून मंद झाला. डबा निरोगी. मग डब्याला थोडेसे ओझे दिले: १२ व्होल्टच्या तारांना मोटारीचा दिवा आणि ५ व्होल्टच्या तारांना एक जाडजूड रोधक. यातले कित्येक डबे रिकाम्यापोटी मोजले तर आकडे भलतेच दाखवतात. त्यांना थोडे काम दिले म्हणजेच खरे बोलतात. मीटरने बरोबर ५.०० दाखवले. आता कुठे तो डबा यंत्राला जोडला गेला.

खेळ सुरू झाला, पाच मिनिटांत थबकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मेहुण्यांचा हात सवयीने स्क्रूकडे गेला. काकांनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

त्यांनी मीटरचे एक टोक डब्यापाशी धरले: ५.०० व्होल्ट. मग दोन्ही टोके बोर्डापाशी नेली: ४.४० व्होल्ट. वाटेत साठ शतांश व्होल्ट कुठे सांडले? त्यांनी मीटरचे एक टोक डब्याच्या धन खिळ्यावर आणि दुसरे बोर्डाच्या धन पट्टीवर ठेवले, म्हणजे वाटेच्या दोन टोकांना मीटर लावला. ३८ शतांश. मग परतीच्या वाटेला, जिला कारागीर 'ग्राउंड' म्हणतात, तसेच केले. २२ शतांश. हिशेब पैशापैशाने जुळला! डबा ५ व्होल्ट देत होता, बोर्डाला पोचत होते ४.४०, आणि मधल्या दलालीत उरलेले नाहीसे होत होते. हे मोजमाप यंत्र चालू असतानाच होते, हे लक्षात ठेवायला हवे. यंत्र बंद करून तारा तपासल्या तर 'आहे, जोड आहे' एवढेच कळते. तोटीत शुक्राचार्य बसले आहेत की नाही, हे पाणी ओतल्याशिवाय कसे कळावे?

येथे गेऑर्ग ओम यांचे स्मरण केले पाहिजे. विजेचा दाब, प्रवाह आणि विरोध यांचे नाते सांगणारा त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी ते जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत. एका मास्तरने साऱ्या जगाच्या विजेचे त्रैराशिक मांडून ठेवावे, ही आमच्या धंद्याला भूषणावह गोष्ट आहे. त्यांच्या नियमाने पाहिले तर, यंत्राचा बोर्ड सुमारे ४ अँपिअर प्रवाह ओढत होता आणि वाटेत ०.६ व्होल्ट गळत होते. म्हणजे विरोध ०.१५ ओम. कोणाला वाटेल, ओमचा सातवा हिस्सा म्हणजे असा कितीसा? पण गळालेला व्होल्ट हवेत विरत नाही, त्याची उष्णता होते. ०.६ गुणिले ४, म्हणजे २.४ वॅट. एवढी उष्णता मुख्यतः नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये कोंडली जात होती. काकांनी कनेक्टर ओढून काढला. त्याची एक कड कढईला लागलेल्या पिठल्यासारखी तपकिरी झाली होती. बहिणीने वाकून वास घेतला. "हाच तो वास," ती म्हणाली. "डब्याचा नव्हताच."

हा कनेक्टर म्हणजे काय? बोर्डाच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची रांग असते, आणि तिच्यावर दातांच्या कवळीसारखा कनेक्टर घट्ट बसतो. फार पूर्वी प्रत्येक कंपनीची ही रांग निराळी असे; खेळ बदलायचा म्हणजे सारे तारांचे जाळे बदलायचे. जपानमधील खेळयंत्र-उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली एक सामायिक मांडणी ठरवली. तिला संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'जामा' म्हणतात. तिच्यात दोन्ही बाजू मिळून छप्पन्न पट्ट्या. (असे छप्पन्न पाहिलेत, असे म्हणणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी हे छप्पन्न मात्र पाहिले नव्हते.) शहाणपण असे की, त्यांपैकी चार पट्ट्या ५ व्होल्टसाठी आणि आठ ग्राउंडसाठी दिल्या आहेत, म्हणजे भार विभागून जावा. परंतु पार्लरच्या काळात ज्या कोणी या कपाटाच्या तारा भरल्या, त्याने तांबे वाचवले होते. ५ व्होल्टला एकच तार, ग्राउंडला दोन. चौघांनी उचलायची पालखी तीस वर्षे एकटा भोई वाहत होता! त्यात ठाण्याचा दमट पावसाळा. पट्टीवर किटण चढले, किटणाने विरोध वाढला, विरोधाने उष्णता वाढली, उष्णतेने कनेक्टरच्या स्प्रिंगची पकड सैल झाली, सैल पकडीने विरोध आणखी वाढला. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. एकदा सुरू झाले की स्वतःलाच पोसते.

हे दुखणे काही एकट्या ठाण्याचे नाही. १९८० साली जपानच्या 'नाम्को'ने काढलेला 'पॅक-मॅन' हा खेळ अमेरिकेत गाजला, तेव्हा तिकडच्या यंत्रांत सुमारे सात व्होल्टची कच्ची वीज याच तऱ्हेच्या कनेक्टरमधून बोर्डावर जाई आणि तेथे ५ व्होल्ट केली जाई. आज ती यंत्रे जपणाऱ्या हौशी लोकांना त्या कनेक्टरच्या जळालेल्या पट्ट्या अगदी पाठ झाल्या आहेत.

आता स्क्रूची लबाडी ध्यानात येईल. बोर्डाला ४.४० मिळतात म्हणून स्क्रू फिरवून डब्याला ५.५० द्यायला लावायचे, म्हणजे बोर्डाला ४.९० पोचतात आणि खेळ चालतो. रोगी उठून बसला असे वाटते. पण आता कनेक्टरमध्ये उष्णता तशीच आहे आणि डबा आपल्या मापाबाहेर राबतो आहे. एक दिवस कोणीतरी केर काढताना कपाटाला धक्का देईल, कनेक्टर क्षणभर नीट बसेल, आणि सगळेच्या सगळे साडेपाच व्होल्ट बोर्डावर आदळतील. असे झाले नाही याला थोरल्यांचे पुण्य म्हणावे, दुसरे काय!

तरीही कनेक्टर हा एकटाच मारेकरी नव्हता. काकांनी भाच्याच्या दिव्यांच्या पट्ट्यांकडे मोर्चा वळवला. या पट्ट्या १२ व्होल्टवर जळतात, आणि त्यांतली भरगच्च जात मीटरला साधारण १४ वॅट घेते. भाच्याने तीन मीटर लावली होती. म्हणजे साडेतीन अँपिअर. डब्याच्या पाटीवर १२ व्होल्टसाठी मर्यादा लिहिली होती ४ अँपिअर. त्यातच ध्वनिवर्धक. कागदावर हे मर्यादेत बसते, पण रोज शेवटच्या पायरीवर उभे राहण्यातला हा प्रकार. शिवाय डबा बसवला होता कपाटाच्या तळाशी, जेथे मागची जाळी भिंतीला चिकटलेली, आणि धूळ येऊ नये म्हणून तिच्यावर आमच्या बहिणीने जुनी चादर खोचलेली. आत हात घातला तर पापड वाळले असते!

आणि येथे ती नळकांडी आली. कपॅसिटरच्या पोटात एक ओलसर द्रव असतो; तो वाळला की नळकांडे निकामी. स्वस्तातल्या नळकांड्यावर '१०५ अंश' असे छापलेले असते आणि त्याची हमी दोन हजार तासांची असते. म्हणजे त्या उष्णतेत अखंड चालवले तर सुमारे त्र्याऐंशी दिवस. ढोबळ नियम असा की, उष्णता दहा अंशांनी उतरली की आयुष्य दुप्पट होते. १०५ ऐवजी ६५ अंशांवर ठेवा. चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट, बत्तीस हजार तास. तोच डबा, तेच नळकांडे; एका घरात चार महिन्यांत मरते, दुसऱ्या घरात पोरे मोठी होईपर्यंत टिकते. तिसरा आणि चौथा डबा दुकानदाराने फसवून दिले होते असे मेहुण्यांना दोन वर्षे वाटत होते. डबे काही फार उंची नव्हते हे खरे. परंतु चादरीखाली उंची डब्यानेही काय केले असते?

दुरुस्ती एका रविवारात आटोपली. नवा कनेक्टर आणला. ५ व्होल्टच्या चारही पट्ट्यांना आणि ग्राउंडच्या आठही पट्ट्यांना जाड तारा सोल्डर केल्या. बोर्डाच्या पट्ट्या साध्या खोडरबराने चकचकीत होईपर्यंत पुसल्या. दिव्यांच्या पट्ट्यांना त्यांचा स्वतंत्र सप्लाय दिला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आले, चादर गेली आणि वरच्या अंगाला गरम हवा बाहेर फेकणारा एक लहान पंखा बसला. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याच्या तारेचे वेटोळे घातलेले सापडले, तेव्हा मात्र काका पहिल्यांदाच रागावले. "अहो, हा फ्यूज आधी मरतो म्हणून घर वाचतं," असे म्हणून त्यांनी ते वेटोळे चिमट्याने तोडले आणि योग्य मापाचा फ्यूज घातला. तीन खिळ्यांच्या प्लगमधली अर्थिंगची तार नुसतीच लोंबत होती. ती कपाटातल्या पत्र्याच्या भागांना जोडली.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल, त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर जी मोजमापे सांगितली ती डब्याच्या बाहेरची, ५ आणि १२ व्होल्टच्या बाजूची आहेत, आणि तीही जाणत्याच्या देखत करावी. डब्याच्या आत मात्र हात घालू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या नळकांड्यांत ३०० व्होल्टच्या वरचा साठा काही काळ राहू शकतो. जुन्या काचेच्या पडद्यामागे तर वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब खेळत असतो. तेथे हौशी माणसाचे काम नाही. काकांनीही पडद्याच्या बाजूला जाताना डावा हात खिशात घातला होता. विचारले तेव्हा म्हणाले, दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो.

मेलेला चौथा डबा मात्र त्यांनी जाताना घरी नेला. आठ दिवसांनी परत आणून दिला. आतली दोन नळकांडी डोक्याला फुगली होती. ती बदलून डबा पुन्हा जिता झाला होता. तो आता कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. पैसे विचारले तर त्यांनी नळकांड्यांचे तेवढे घेतले, आणि बहिणीने चकल्यांचा डबा पुढे केला तो नाकारला नाही.

दाराच्या आतल्या बाजूला, थोरल्यांच्या बेरजेखाली, भाच्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन आकडे लिहायचे: एक डब्यापाशी मोजलेला, एक बोर्डापाशी मोजलेला. दोघांत अंतर वाढू लागले तर कनेक्टर काढून पट्ट्या पुसायच्या. स्क्रूला हात लावायचा नाही. पहिली नोंद आश्विनातली आहे: ५.०९ आणि ५.००. परवा गेलो होतो तेव्हा पाहिली, सबंध पावसाळा गेल्यावरची: ५.०९ आणि ४.९९. भाच्याने त्या एक शतांशाखाली तांबडी रेघ ओढून ठेवली होती आणि खोडरबर शोधत होता.